शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा

‘शुश्रूषा’ हा शब्द आपण नित्य वापरतो. परंतु त्याच्या मूळ अर्थाकडे सहसा लक्ष देत नाही. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. ह्या संस्कृत धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध झाला आहे. शुश्रूषा ही मुळात ऐकण्याची इच्छा होय. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची सेवा करतो, म्हणून त्या शब्दाला पुढे सेवेचा अर्थ आला आणि मराठीत तो आजाऱ्याच्या सेवेसाठी रूढ झाला. औषध पाजणे, कूस बदलून देणे, अंग पुसणे ही सारी शुश्रूषाच आहे. पण तिच्या मुळाशी आजारी माणूस काय म्हणतो आहे ते ऐकण्याची इच्छा आहे. मराठीतील काही सर्वपरिचित कृतींकडे येथे ह्या एकाच दृष्टीने पाहावयाचे आहे. मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाला त्या बोलू देतात काय? आणि त्याच्या माघारी राहिलेल्यांना त्या बोलू देतात काय?

ह्या प्रश्नाकडे मी वळलो, त्याला एक प्रसंग कारण झाला. काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातील एका वाडीवर मी आजाऱ्याच्या भेटीला गेलो होतो. नात्याने ते माझे मामा. पुण्यातील एका रुग्णालयात दोन-तीन महिने काढल्यावर फायलींची पिशवी आणि ‘आता घरी न्या’ हे तीन शब्द एवढेच घेऊन घरच्यांनी त्यांना परत आणले होते. मी गेलो तेव्हा घर माणसांनी भरलेले होते. रोझरी झाली, चहा झाला. मग मामांनी मला खुणेने जवळ बोलावले आणि हळूच विचारले, ‘‘माझ्या माघारी उसाचं बिल कुणी आणायचं?’’ मी घाईघाईने म्हणालो, ‘‘असं अभद्र बोलू नका, मामा. कारखान्यावर तुम्हीच जाणार आहात.’’ त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. तीन आठवड्यांनी ते गेले. नंतर वर्षभर मामी आणि मुले बँकेचे खाते, सातबारा व वारसनोंद ह्यांपायी हेलपाटे घालीत राहिली. मामा मला मागे राहणाऱ्यांच्या पोटाविषयी विचारीत होते. मी त्यांचे बोलणे ऐकले नाही. मला स्वतःची भीती तेवढी ऐकू आली.

पुढे बारामती-इंदापूरकडच्या ज्या ज्या घरी आजाऱ्याच्या भेटीला गेलो, तेथे तीनच वाक्ये कानी पडली. डॉक्टरांचे ‘आता घरी न्या’, नातलगांचे ‘काही होत नाही, बरे व्हाल’, आणि भेटीला येणाऱ्या भाविकांचे ‘देवाची इच्छा’. ही तिन्ही वाक्ये निरोगी माणसांची आहेत. चौथे वाक्य आजाऱ्याचे असावयास हवे. परंतु त्याला त्या खोलीत जागा नसते.

इंग्रजीत जिला ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात आणि मराठीत जिला ‘परिहारक’ किंवा ‘उपशामक सेवा’ अशी पुस्तकी नावे मिळाली आहेत, ती सेवा ह्या चौथ्या वाक्यापासून सुरू होते. मूळ लॅटिन शब्द ‘पॅलियम’, म्हणजे अंगावर घ्यावयाचा झगा, पांघरूण. रोग हटत नसेल तरी माणसाला उघड्यावर सोडायचे नाही, हा त्यातील भाव. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स (१९१८–२००५) आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. मरणासन्न रुग्णांजवळ बसून त्यांचे बोलणे टिपता टिपता त्यांनी ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली. शरीर दुखते, मन दुखते, नाती दुखतात, आत्माही दुखतो. आणि ह्यांपैकी एकाकडे दुर्लक्ष केले तर बाकीच्यांवर औषध लागू पडत नाही. भारतातील पहिले असे घर १९८६ साली आपल्या वांद्र्याला, माऊंट मेरीच्या परिसरात, डॉ. एल. जे. डिसोझा ह्यांच्या पुढाकाराने उभे राहिले : शांती आवेदना सदन. कोझिकोडला १९९३ साली डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी काम आरंभिले, आणि पुढे केरळात गावोगावच्या शेजाऱ्यांनी ते आपल्या हाती घेतले. पुण्यात वारजे येथे १९९७ साली सिप्लाचे केंद्र निघाले. पण बारामतीपासून पुणे शंभर किलोमीटर आणि इंदापूरपासून त्याहूनही दूर. ज्याला अंथरुणात कूस बदलता येत नाही, त्याला हे अंतर कोण तोडून देणार? म्हणून ही सेवा घरापर्यंत आणि शेजाऱ्याच्या हातापर्यंत यावी लागते. तेथे औषधाइतकीच भाषेची गरज असते, आणि भाषा आपल्याला साहित्याकडून मिळते. एका आजाऱ्याच्या खोलीत समीक्षकाचे काय काम, ह्या शंकेला माझे उत्तर एवढेच आहे.

आपल्या ग्रंथांपैकी ह्या बाबतीत सर्वांत निर्भीड ग्रंथ बायबलमध्येच आहे. ईयोबाचे तीन मित्र त्याच्या समाचाराला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात; एकही शब्द बोलत नाहीत. एवढे त्यांनी उत्तम केले. मग ते बोलू लागतात आणि तेथून सारे बिघडते. दुःखाला कारण असलेच पाहिजे, पाप घडले असलेच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. आणि त्यांच्यापुढे हा व्याधिग्रस्त माणूस अध्यायांमागून अध्याय तक्रार करतो, संतापतो, देवाला जाब विचारतो. ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो मित्रांवर. योग्य बोलला तो ईयोब, असा निवाडा मिळतो. आजाऱ्याची तक्रार श्रद्धेच्या बाहेरची नाही, हे ह्याहून स्पष्ट कसे सांगावे? स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे अशीच गाऱ्हाणी आहेत, आणि क्रुसावरून प्रभूच्या मुखातून आले ते बाविसाव्या स्तोत्राचे गाऱ्हाणेच होते.

बारामतीकरांना ह्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कऱ्हाकाठच्या ह्याच गावी मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आपले आयुष्य घालविले. जन्म पन्हाळ्याचा, पण काव्यसंसार बारामतीचा. त्यांच्या ‘केकावली’तील सुसंगतीचे मागणे अनेकांनी शाळेत म्हटले आहे. केका म्हणजे मोराचा टाहो. काव्याचे नावच टाहो! पृथ्वी वृत्तातील ह्या श्लोकांत कवी देवाला विनवितो, रुसतो, पूर्वीचे दाखले देऊन पेचात पकडतो. पंडिती शब्दकळेचा भार ह्या काव्यावर आहे हे मान्य केलेच पाहिजे. आणि त्यातील व्यथा भवसागराची आहे, हाडे पोखरणाऱ्या दुखण्याची नव्हे. अंथरुणावरचा माणूस पृथ्वी वृत्तात कण्हत नाही. तरीही देवाशी तोंडोतोंड बोलण्याचा, त्याला अडवून धरण्याचा जो अधिकार हे काव्य माणसाला देते, तो मोलाचा आहे. ज्या गावच्या कवीने देवापुढे टाहो फोडणे हीच उपासना मानली, त्या गावात एखाद्या आजाऱ्याने ‘देवा, हे मलाच का?’ म्हटल्यावर आपण त्याला ‘असे म्हणू नये’ सांगून गप्प करावे, हे विपरीत आहे.

आता गद्याकडे वळू. ‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. संस्कारांचे पुस्तक म्हणून आपण ते मुलांच्या हाती देतो. परंतु ते शोकाचे पुस्तक आहे, हे फारसे कोणी म्हणत नाही. त्याची रचना पाहा. एक मुलगा रात्रीमागून रात्र आपल्या गेलेल्या आईविषयी बोलतो आणि आश्रमातील सोबती ते ऐकतात. बेचाळीस रात्री! कोणी त्याला ‘आता विसर’ म्हणत नाही, उपदेश करीत नाही. शोकग्रस्तासाठी दुसरा कोणता उपचार आजचे जाणकार सांगतात? गुरुजींची आई १९१७ साली गेली. पुस्तक सोळा वर्षांनी लिहिले गेले. आईच्या अखेरच्या वेळी मुलगा जवळ नव्हता, आणि ती रुखरुख पुस्तकाच्या पानापानांत पाझरते. भावविवशतेचा जो आरोप ह्या पुस्तकावर वारंवार होतो, तो काही अंशी खराही आहे. पण त्यामागे वेळेवर न पोहोचलेल्या मुलाचे मन आहे हे लक्षात घेतले, म्हणजे त्या अश्रूंचा हिशेब लागतो.

ह्या पुस्तकाच्या अखेरच्या रात्रींपैकी एकीचे नाव आहे ‘शेवटची निरवानिरव’. आई अंथरुणाला खिळलेली आहे, बहीण शुश्रूषेला आली आहे, शेजारणी ये-जा करीत आहेत. आणि ती जाणारी बाई बोलते आहे, कोणाला कोणाच्या हाती सोपवायचे ते सांगते आहे. निरवानिरव! काय नेमका मराठी शब्द आहे हा. परिहारक सेवेच्या पाठ्यपुस्तकांतील कितीतरी प्रकरणे ह्या एका शब्दात मावतील. घेणे-देणे, रुसवे-फुगवे, क्षमा मागणे व करणे, लेकरे कोणाच्या ओटीत घालायची ते ठरविणे, हे सारे त्यात आले. माझ्या मामांना उसाच्या बिलाची निरवानिरव करावयाची होती. भाषेजवळ शब्द होता; तो वापरण्याचे धैर्य माझ्याजवळ नव्हते.

ह्याच सुमारास, १९३४ साली, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग बाहेर पडला. रेव्हरंड टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत निवर्तले होते. येथेही पंधरा वर्षे लोटलेली. मोठ्या दुःखाला शब्द सापडायला इतका काळ लागतो, ही गोष्ट आपण मनात ठेवली पाहिजे. कारण मासिक मिस्सा झाली की शोकाचे दिवस संपले असे आपण धरून चालतो. लक्ष्मीबाईंचे मोठेपण दुसऱ्याही एका गोष्टीत आहे. गेलेल्या नवऱ्याला त्यांनी संत केले नाही. टिळकांचा संताप, घरातील वस्तू कोणालाही देऊन टाकण्याची सवय, न सांगता निघून जाणे, धर्मांतराच्या वेळी झालेली ताटातूट हे सारे त्यांनी लिहिले आणि तेही हसत हसत. म्हणूनच त्या पानांतून टिळक चालत-बोलत आपल्यासमोर येतात. ज्याचे दोष आठवण्याची मनाई आहे, त्या माणसाची आठवण हळूहळू पुसट होते. विधवेला आपल्या माणसावर रागावण्याची मुभा असावी, हे लक्ष्मीबाईंनी कोणतेही शास्त्र न शिकता जाणले.

ह्याला लागूनच एका चित्रपटाचा विचार करावासा वाटतो. अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले; त्यानंतर मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान पुन्हा लाभला तो तब्बल पन्नास वर्षांनी, संदीप सावंत ह्यांच्या ‘श्वास’ला, २००४ साली. मूळ कथा माधवी घारपुरे ह्यांची. कोकणातून आजोबा आपल्या नातवाला शहरातील रुग्णालयात आणतात. डोळ्यांचा कर्करोग, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. चित्रपटाचा सारा ताण एका प्रश्नावर तोललेला आहे : हे मुलाला कोणी आणि कसे सांगायचे? येथे मृत्यू नाही, पण जे जाणार आहे त्याचा शोक ते जाण्याआधीच सुरू झाला आहे. डॉक्टर कोरडे वाटतात, परंतु ते खोटे बोलू देत नाहीत. समाजसेविका आजोबांचा हात धरते. आणि आजोबा, ज्यांना दवाखान्याची भाषा कळत नाही, ते नातवाला शस्त्रक्रियेपूर्वी बाहेर घेऊन जातात, जग डोळे भरून दाखवायला. सत्य सांगितले म्हणूनच तो एक दिवस मिळाला. ते दडपले असते तर मुलाची दृष्टीही गेली असती आणि तो दिवसही. माझ्या मते मराठीत ह्या विषयावर घडलेले हे सर्वांत प्रामाणिक काम आहे. त्यात उणीव एकच. परतल्यानंतरच्या आयुष्याला चित्रपट फार थोडा वेळ देतो. गावाने त्या मुलाला पुढे कसे सांभाळले, हा प्रश्न तो प्रेक्षकावर सोपवून थांबतो.

आणि आपण स्वतः काय लिहितो? आपल्या पत्रकांतील मृत्युलेख पाहावेत. ‘अल्पशा आजाराने’ किंवा ‘दीर्घ आजाराने’ एवढ्यावर दुखण्याचा वृत्तांत आटोपतो. ‘दीर्घ आजार’ म्हणजे काय ते सर्वांना ठाऊक असते आणि कोणी उच्चारीत नाही. त्यानंतर गुणांची यादी, पदांची यादी आणि प्रभूच्या चरणी विसावल्याची वार्ता. ज्या बायकोने आठ महिने रात्री जागून काढल्या, ती त्या लेखात ‘पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी’ ह्या ओळीत आढळते. मृतांविषयी आदर असावा ह्यात वाद नाही. परंतु ज्या मजकुरात नाव बदलले तरी काहीच बदलत नाही, त्यात आदर कोठे उरला?

ह्याहून गंभीर दोष आपल्या काही भक्तिपर पुस्तिकांत आहे. वेदना हीच पुण्य, ती सोसण्यातच पावित्र्य, असा सूर त्यांत लागतो; आणि त्यातून वेदनाशामक गोळी म्हणजे श्रद्धेची उणीव असा समज घरोघर पसरतो. ख्रिस्तसभेची ही शिकवण नव्हे. पोप पायस बारावे ह्यांनी १९५७ सालीच डॉक्टरांना स्पष्ट सांगितले की, वेदना शमविण्यासाठी औषध देणे योग्य आहे, त्यामुळे आयुष्य काहीसे उणे होण्याचा संभव असला तरीही. मात्र मृत्यू घडविणे हा हेतू असता कामा नये. १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथाने तीच गोष्ट पुन्हा मांडली आणि ह्या सेवेला निरपेक्ष प्रेमाचा विशेष प्रकार म्हटले. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८४ साली मानवी दुःखावर जे पत्र लिहिले, त्याचा प्रवास शेवटी चांगल्या शोमरोनीपाशी येतो. दुःख अर्पण करता येते हे खरे. पण ते ज्याचे त्याने स्वेच्छेने करावयाचे अर्पण आहे. दुसऱ्याच्या दुःखापुढे आपले कर्तव्य तेल आणि द्राक्षारस घेऊन वाकण्याचे. मॉर्फिन हे स्वस्त औषध आहे. १९८५च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने ते दुर्मीळ केले; २०१४च्या दुरुस्तीने वाट बरीच मोकळी झाली. कायद्याची अट सैल झाली, पण मनातील अट अजून सैल झालेली नाही.

असाच एक शब्द आपल्या संस्कारांत अडकून राहिला होता. ‘अंत्याभ्यंग’ म्हटले की फादर दारात आले म्हणजे आता आशा संपली, असे घर समजे. म्हणून त्यांना बोलावणे शक्य तितके लांबविले जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ह्या संस्काराला ‘रुग्णाभ्यंग’ म्हणणे अधिक उचित ठरविले आणि १९७२ साली त्याचा नवा विधी आला. शब्द बदलला तो ह्यासाठी की, आजारी माणूस शुद्धीवर असताना, बोलत असताना, त्याने स्वतः ‘आमेन’ म्हणावे. पन्नास वर्षे उलटून गेली, तरी आपण अजूनही वाचा गेल्यावरच दार उघडतो.

ह्या साऱ्या कृती एकत्र ठेवून पाहिल्या तर एक गोष्ट दिसते. जेथे आजाऱ्याला किंवा शोकग्रस्ताला ऐकणारा मिळाला, तेथे साहित्य उभे राहिले : ईयोबाचा ग्रंथ, मोरोपंतांचा टाहो, श्यामच्या बेचाळीस रात्री, लक्ष्मीबाईंची हसरी पाने. जेथे बोलणारे केवळ निरोगी होते, तेथे सूत्रबद्ध मजकूर उरला. म्हणून ह्या त्रैमासिकाच्या वाचकांना माझे दोन मागण्यांचे निवेदन आहे. आपल्या घरी जो कोणी अंथरुणावर आहे, त्याचे शब्द त्याच्याच बोलीत कोणीतरी टिपून ठेवावेत. छापण्यासाठी नको, घरासाठी. आणि नोव्हेंबरात आपण मृतांसाठी प्रार्थना करतो, कबरींवर फुले वाहतो, तेव्हा त्या वर्षी ज्या घरात माणूस गेला तेथे जाऊन बसावे आणि एकच प्रश्न विचारावा : ‘ते कसे होते, सांगा ना.’ मग उत्तर लांबले तरी उठू नये. एखाद्या गावात आपली दोनच घरे असली, तरी दुसऱ्या घराला एवढे करता येईल. आणि शेजारचे घर वारकऱ्याचे असेल, तर त्यालाही हे शिकवावे लागणार नाही. तुकोबांची पालखी बारामती-इंदापूरवरून जाते तेव्हा दमलेल्या परक्या माणसाचे पाय चेपणारी हीच माणसे आहेत.

मामांना काय उत्तर द्यावयास हवे होते, ते मला फार उशिरा उमगले. त्यासाठी धर्मशास्त्र लागत नव्हते, वैद्यकही लागत नव्हते. पलंगाजवळ खुर्ची ओढून घ्यावयाची होती आणि म्हणावयाचे होते, ‘‘कोणाला पाठवू म्हणता, मामा? सांगा, मी लिहून घेतो.’’